३९० ची सलामी आणि वाट्याला एकेकच कसोटी : गयानाचे थोडकेच सामने खेळलेले क्रिकेटपटू

पाटीपेन्सिल

गेले दोन महिने रात्रीची जेवणं आटोपली की मी गयानाचे (दक्षिण अमेरिकेतला देश, क्रिकेटमध्ये वेस्ट इंडीज संघाचा भाग) जुने धावफलक घेऊन बसतो. सुरुवात झाली भारताचे सलामीवीर माधव आपट्यांपासून. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातली त्यांची जॉर्जटाऊनची कसोटी बघत होतो. समोरच्या संघात एक नाव दिसलं, लेस्ली वाइट. एक डाव, २१ धावा. हे नाव पुन्हा कुठल्याच कसोटीत नाही.

मी मुंबईत मैदानावर बावीस वर्षं स्कोअरिंग केलंय. कांगा लीगच्या पावसात शाई पसरते म्हणून पेन्सिलीने लिहायचो आणि घरी आल्यावर वहीची पानं वर्तमानपत्रात दाबून वाळवायचो. त्या वह्यांमध्ये एकदाच आलेली कितीतरी नावं आहेत. एखादा मुलगा आठव्या क्रमांकावर येतो, चार धावा करतो, पुढच्या रविवारी दिसत नाही. नोकरी लागली, वडील आजारी पडले, गुडघा गेला, काहीही झालेलं असू शकतं. वहीत फक्त ४ हा आकडा राहतो. त्यामुळे असं एकटं नाव दिसलं की मला पुढे जाववत नाही. वाइटच्या मागे लागलो.

जे सापडलं ते असं. १९५१-५२ चा हंगाम, मैदान जॉर्जटाऊनचं बोर्डा, ब्रिटिश गयाना (गयानाचं तेव्हाचं नाव) विरुद्ध बार्बाडोस. लेस्ली वाइट आणि ग्लेंडन गिब्स सलामीला आले आणि पहिला गडी पडला तेव्हा धावफलकावर ३९० होते. गिब्स २१६. वाइट २६२, नाबाद. (हा गिब्स म्हणजे ऑफस्पिनर लान्स गिब्स नव्हे.) वाइटची सगळी प्रथम श्रेणी कारकीर्द जेमतेम डझनभर सामन्यांची, १९४९-५० ते १९५२-५३. सरासरी साठच्या वर. कसोटी एक, तीही घरच्या मैदानावर भारताविरुद्ध. वेस्ट इंडीजला दुसरा डाव खेळावाच लागला नाही, म्हणून २१ वर हिशेब बंद झाला. ग्लेंडन गिब्सलाही एकच कसोटी, १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध किंग्स्टनला : १२ आणि ०. ज्या जोडीने ३९० धावा होईपर्यंत बार्बाडोसला बळी दिला नाही, त्या दोघांच्या कसोटी धावा मिळून ३३.

आणि पलीकडच्या संघात सलामीला आपटे. ७ कसोटी, ५४२ धावा, सरासरी ४९.२७. जॉर्जटाऊनच्या आधीच्या कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद १६३. दौऱ्यातली शेवटची कसोटी किंग्स्टनला झाली आणि त्यानंतर आपट्यांना भारताने कधीच खेळवलं नाही. मी त्यांना कांगा लीगमध्ये साठी उलटल्यावरही चिखलातून धाव पळताना पाहिलंय, तेव्हा ही गोष्ट मला कोरडेपणाने लिहिता येत नाही. बोर्डावर त्या मार्च महिन्यात दोन सलामीवीर समोरासमोर होते. एकाची कसोटी कारकीर्द त्याच सामन्यात संपली, दुसऱ्याची पुढच्या.

तेव्हा धागा काढण्याचं कारण हे. आपल्याकडे गयाना म्हटलं की लॉइड, कन्हाय, कालिचरण, चंद्रपॉल. फार तर गावसकरांचं पहिलं कसोटी शतक, बोर्डावरच, १९७१ चे ११६. पण त्या देशाच्या क्रिकेटचा मोठा भाग पाच-दहा सामने खेळून गेलेल्या माणसांचा आहे. त्यांना कमी सामने मिळाले ते खेळ कमी होता म्हणून नव्हे. सामनेच कमी होते. आणि जे होते ते कुणाला मिळावेत हे समुद्र, पाऊस, साखरेचे मळे, कातडीचा रंग आणि पुढे परदेशी जाणारी विमानं ठरवत होती.

सामन्यांचा हिशेब आधी मांडतो, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. वेस्ट इंडीजमधला पहिला प्रथम श्रेणी सामना फेब्रुवारी १८६५ मध्ये ब्रिजटाऊनला झाला, बार्बाडोस विरुद्ध डेमेरारा. डेमेरारा म्हणजे आजच्या गयानाचा मधला भाग, राजधानीचा. बार्बाडोस ७४ आणि १२४. डेमेरारा २२ आणि ३८. पुढे १८९१-९२ पासून त्रिनिदाद, बार्बाडोस आणि डेमेरारा (नंतर ब्रिटिश गयाना) यांची आंतरवसाहत स्पर्धा सुरू झाली. रीत अशी की दोन वसाहतींनी आधी खेळायचं आणि जिंकणाऱ्याने तिसरीशी भिडायचं. हरलात तर एका सामन्यात हंगाम संपला. स्पर्धा दर वर्षी व्हायचीच असंही नाही. पहिल्या महायुद्धात तर कित्येक वर्षं बंदच. जायचं आगबोटीने, म्हणजे नोकरीतून आठवडेच्या आठवडे सुटी हवी. दहा वर्षं संघात असलेल्या माणसाचे सामने पंधरा भरले तरी पुष्कळ. आपला रणजीचा खेळाडू दोन-तीन हंगामांत तेवढे खेळून मोकळा होतो.

म्हणून म्हणतो, गयानाच्या जुन्या खेळाडूपुढे १२ सामने दिसले तर ती बारा सामन्यांची कारकीर्द समजू नका. ते आयुष्याचं एक दशक असू शकतं.

आयव्हन मॅड्रे, जॉन ट्रिम, मॉरिस फर्नांडिस आणि सिरिल ख्रिस्तियानी यांच्याबद्दल पुढे प्रतिसादांतून लिहीन. ज्यांना या भागातलं क्रिकेट ठाऊक आहे त्यांनी जरूर भर घाला.

निर्धाव

वाचनखूण साठवली. ३९० आणि ३३ हे दोन आकडे डोक्यातून जाईनात.

एक शंका. १८६५ मध्ये 'प्रथम श्रेणी' ही भानगड होती का? मला वाटत होतं व्याख्या बरीच नंतरची आहे.

पाटीपेन्सिल

बरोबर वाटत होतं. व्याख्या १९४७ मधली, तेव्हाच्या इंपिरियल क्रिकेट कॉन्फरन्सने केलेली : दोन्हीकडे अकरा जण आणि तीन किंवा जास्त दिवसांचा सामना. त्याआधीचे सामने अभ्यासकांनी मागाहून तपासून यादीत घेतले. म्हणजे ब्रिजटाऊनला २२ धावांत बाद झालेल्या त्या अकरा जणांना आपण प्रथम श्रेणी क्रिकेटपटू आहोत हे मरेपर्यंत माहीत नव्हतं. बोटीने बार्बाडोसला गेले, खेळले, हरले, परत आपल्या कामाला लागले. त्यांच्या नावापुढे कारकीर्द हा शब्द लागला तो त्यांच्या नातवंडांच्या काळात.

मधली यष्टी

लेख आवडला, तरी एका मुद्द्यावर अडतोय. रे आणि स्टॉलमायर ही सलामीची जोडी वेस्ट इंडीजकडे बसलेली होती. मागे वीक्स, वॉरेल, वॉलकॉट. वाइटला जागा नव्हती इतकं साधं नाही का हे? प्रत्येक संघात असे लोक राहतातच. मुंबईच्या कित्येक फलंदाजांच्या बाबतीत आपण हेच म्हणतो.

पाटीपेन्सिल

अर्धं मान्य. रे-स्टॉलमायर होते तोवर सलामीची जागा मिळणं कठीणच होतं. पण मुंबईच्या फलंदाजाशी तुलना करताना एक फरक धरा. मुंबईत न निवडलेला फलंदाज पुढच्या वर्षी पुन्हा रणजी, दुलीप, इराणी खेळतो. त्याला आपली बाजू मांडायला मैदान मिळतं. वाइटला ते मैदानच वर्षातून दोनदा मिळायचं, कधी तेही नाही. नाबाद २६२ केल्यावर पुन्हा धावा काढून दाखवायला तो जाणार कुठे?

त्याचा धाकटा भाऊ पीटर वाइट याने वेगळी वाट धरली. ब्रिटिश गयानाकडून नावापुरतं खेळून तो इंग्लंडला गेला आणि सॉमरसेटकडून १९५३ ते १९६५ काउंटी क्रिकेट खेळला. सतरा हजारांवर प्रथम श्रेणी धावा, नंतर कित्येक वर्षं पंच. घर तेच, चार भाऊ खेळणारे. एक भाऊ जिथे रोज सामना आहे तिथे गेला, दुसरा राहिला. दोघांच्या आकड्यांतलं अंतर मला तरी गुणवत्तेचं वाटत नाही.

गोंयचो

फर्नांडिस हे नाव वाचून थांबलो. हा आमच्यापैकी की काय? आमच्या गावात चार घरांआड एक फर्नांडिस आहे.

पाटीपेन्सिल

नाही, पण प्रश्न रास्त आहे. गयानातले फर्नांडिस, दा सिल्वा, गोन्साल्विस हे मदेरा बेटावरून आलेले पोर्तुगीज. १८३५ पासून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आणले गेले, गुलामगिरी उठल्यावर कामाला माणसं हवी होती म्हणून. भारतीयांची पहिली दोन जहाजं, व्हिटबी आणि हेस्परस, तिथे पोचली ५ मे १८३८ ला, तीही त्याच कामासाठी. म्हणजे आडनाव एकाच साम्राज्याने दिलेलं असलं तरी वाटा वेगळ्या.

मॉरिस फर्नांडिसची हकिगत सांगण्यासारखी आहे. प्रथम श्रेणीत तो पुष्कळ खेळला, पण कसोटी दोनच. पहिली १९२८ ची लॉर्ड्सची, वेस्ट इंडीजची पहिलीवहिली कसोटी : ० आणि ८. दुसरी फेब्रुवारी १९३० मध्ये बोर्डावर, इंग्लंडविरुद्ध. त्या काळी ज्या वसाहतीत कसोटी तिथला कप्तान, अशी पद्धत होती. त्या एका मालिकेत वेस्ट इंडीजला चार कसोट्यांत चार कप्तान झाले. जॉर्जटाऊनला पाळी फर्नांडिसची. क्लिफर्ड रोचने २०९ केले, वीस वर्षांच्या जॉर्ज हेडलीने दोन्ही डावांत शतकं ठोकली (११४ आणि ११२), आणि वेस्ट इंडीजने २८९ धावांनी आपली पहिली कसोटी जिंकली. कप्तानाच्या धावा २२ आणि १९. त्यानंतर तो कसोटी खेळला नाही. वेस्ट इंडीजला पहिला विजय मिळवून देणाऱ्या कप्तानाच्या एकूण कसोटी धावा ४९.

या पद्धतीची दुसरी बाजूही बघा. घरच्या कसोटीपुरतं खेळाडूला घ्यायचं आणि बोट पुढच्या बेटाला लागली की त्याला मागे ठेवायचं. केनेथ विशार्टला १९३५ मध्ये बोर्डावर असंच एकदा खेळवलं. ५२ आणि ०. अर्धशतक काढूनही तीच पहिली आणि तीच शेवटची.

डॉक्टरीण

सिरिल ख्रिस्तियानीबद्दल मी लिहू का? क्रिकेट फारसं कळत नाही. पण सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात गयाना आम्हाला होतं.

सिरिल हा यष्टिरक्षक. १९३५ मध्ये इंग्लंडविरुद्ध चार कसोटी खेळला, तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा. १९३८ मध्ये मलेरियाने गेला, वय २४.

गयानाचा किनारपट्टीचा भाग भरतीच्या पातळीखाली आहे. डचांनी बांध घालून आणि कालवे खणून ती जमीन समुद्राकडून काढून घेतली. ओहोटी लागली की कालव्यांची दारं उघडायची आणि पाणी सोडायचं. त्या दारांना तिथे 'कोकर' म्हणतात. साखरेच्या मळ्यांना हे गोडं पाणी हवंच असतं, आणि अॅनोफिलीस डार्लिंगी या डासालाही. त्या देशात मलेरिया मुख्यतः कोणत्या डासामुळे पसरतो हे शोधून काढलं जॉर्ज जिग्लिओली या इटालियन डॉक्टरने. मळ्यांवर काम करताना त्याने वर्षानुवर्षं रक्ताचे नमुने तपासले. १९४५ पासून त्याने घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची मोहीम घेतली. हा डास माणसाच्या घरातच विसावतो, त्यामुळे सहा-सात वर्षांत किनारपट्टीवरून मलेरिया जवळजवळ हटला. जगभरात त्या मोहिमेचा दाखला देतात.

सिरिल ती मोहीम सुरू होण्याच्या सात वर्षं आधी गेला. त्याचे तीन भाऊही ब्रिटिश गयानाकडून खेळले असं मी आत्ता शोधून वाचलं. त्यातला रॉबर्ट २२ कसोटी खेळला.

मी ज्या आकड्यांवर परीक्षेत प्रश्न सोडवले त्यांत एक यष्टिरक्षक होता हे मला आज कळलं.

पाटीपेन्सिल

डॉक्टरीण, तुमच्या या प्रतिसादासाठी धागा काढणं सार्थकी लागलं. मी मलेरिया हा शब्द वाचून पुढे गेलो होतो.

रॉबर्ट ख्रिस्तियानी म्हणजे पहिल्याच कसोटीत ९९ वर बाद झालेला, चष्मा लावून खेळणारा. १९४८ च्या दिल्ली कसोटीत त्याने आपल्याविरुद्ध १०७ केले. भावाला मिळालं नाही ते आयुष्य त्याला मिळालं, असा विचार त्याचा डाव वाचताना आता मनात येणार.

निर्धाव

ट्रिमचं राहिलं.

पाटीपेन्सिल

होय. जॉन ट्रिम, वेगवान गोलंदाज, बर्बीसमधल्या पोर्ट मोराँ या साखरमळ्याचा. बर्बीस हा गयानाचा पूर्वेकडचा भाग. राजधानीतल्या निवडकर्त्यांना बर्बीस फार लांब वाटायचं. नदी ओलांडायची तर पूल नव्हता, फेरीबोटीवर चढायचं. तो पूल २००८ मध्ये झाला! त्यातून ट्रिम काळा, मळ्यावरचा. बर्बीसमधून आलेला तो पहिला कसोटीपटू.

चार कसोटी, १८ बळी, सरासरी १६.१६. दोन कसोट्या आपल्याकडे, १९४८-४९ च्या दौऱ्यात. मद्रासला पहिल्या डावात ४८ धावांत ४ आणि दुसऱ्यात २८ धावांत ३. नंतर ब्रेबॉर्नची ती कसोटी, जिथे ३६१ चा पाठलाग करताना आपण सहा धावांनी थांबलो. माझे वडील त्या दिवशी नॉर्थ स्टँडमध्ये होते. ते हजारेंचं शतक सांगायचे, शेवटचं षटक सांगायचे. ट्रिमचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

पुढे १९५१-५२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर त्याला एक कसोटी मिळाली, मेलबर्नची. ३४ धावांत ५ बळी. वेस्ट इंडीज एका गड्याने हरली आणि ट्रिम पुन्हा कसोटी खेळला नाही. १९६० मध्ये पंचेचाळिशीत वारला.

त्याच पोर्ट मोराँमधून पुढे कन्हाय, बुचर, सॉलोमन आले. त्यामागे एक कारण आहे. १९५४ मध्ये क्लाइड वॉलकॉटला साखर उत्पादकांच्या संघटनेने मळ्यांवर क्रिकेट संघटक म्हणून नेमलं. तो मळ्यामळ्यांवर फिरला, सामने भरवले, पोरांना शिकवलं. आणि वेस्ट इंडीजच्या संघातलाच माणूस सांगतोय म्हटल्यावर जॉर्जटाऊनला ऐकणं भाग पडलं. ट्रिमच्या वेळी असं बोलणारं कुणी नव्हतं. तेच गाव, तीच खेळपट्टी.

जो सॉलोमनचं तर अद्भुतच. पहिल्या तीन प्रथम श्रेणी डावांत तीन शतकं : जमैकाविरुद्ध नाबाद ११४, बार्बाडोसविरुद्ध १०८, पाकिस्तानी पाहुण्यांविरुद्ध १२१. आणि त्याच गावचा, त्याच पिढीचा लेगस्पिनर आयव्हन मॅड्रे. १९५८ मध्ये पाकिस्तानविरुद्ध दोन कसोटी, एकही बळी नाही. तेवीस वर्षांचा होता. नंतर इंग्लंडच्या वाटेला लागला आणि तिथल्या क्लबांतून खेळत राहिला. लेगस्पिनर तेविशीत पिकतो का हो? आपल्याकडे सुभाष गुप्त्यांना पहिल्या दोन कसोटींवर मोजलं असतं तर?

मधली यष्टी

गुप्त्यांचा दाखला पटला. माझा आधीचा आक्षेप निम्मा मागे घेतो.

क्वीन्सकर

मी न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला राहतो, रिचमंड हिलच्या जवळ. लिबर्टी अव्हेन्यूवरून चालत गेलं की दोन्ही बाजूंना गयानी दुकानं. डाळपुरी, पेपरपॉट, सोन्याचे दागिने, पूजेचं सामान. उन्हाळ्यात बेझली पाँड पार्कात क्रिकेट चालतं, तिथे मी दर रविवारी जातो.

तिथे एक आजोबा येतात. नाव लिहीत नाही. घडीची खुर्ची घेऊन सीमारेषेपाशी, साइटस्क्रीन असती तर जिथे असती तिथे बसतात. दोन उन्हाळे आमचं नुसतं मान हलवणं चालू होतं. परवा तुमचा धागा वाचला आणि रविवारी जाऊन विचारलं, तुम्ही तिकडे खेळायचात का.

म्हणाले, बर्बीसकडून. सत्तरच्या दशकात. जोन्स कपची अंतिम लढत, डेमेराराविरुद्ध.

पाटीपेन्सिल, तुमच्या धाग्यात हे आलेलं नाही म्हणून लिहितो. १९७१-७२ पासून १९९०-९१ पर्यंत गयानातल्या काउंट्यांच्या (म्हणजे विभागांच्या) स्पर्धेच्या अंतिम सामन्याला प्रथम श्रेणीचा दर्जा होता. आधी जोन्स कप, पुढे गायस्टॅक चषक. बहुतेकदा बर्बीस विरुद्ध डेमेरारा. वर्षातून एकच सामना, त्यामुळे कित्येकांचं प्रथम श्रेणी क्रिकेट तिथेच सुरू होऊन तिथेच संपलं. तिसरी काउंटी एसेक्विबो तर संघ म्हणूनच एक प्रथम श्रेणी सामना खेळली, १९८०-८१ च्या हंगामात.

आजोबा त्यांपैकीच. एक सामना. मी म्हटलं, एकच? तर त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं. मला वाटलं खायला देतायत. त्यांनी ते बोटांत धरलं, पहिली दोन बोटं शिवणीवर असावीत तशी आडवी, तिसरं वाकवून खाली. ते तिसरं बोट सरळ होतच नाही आता. मनगट फिरवून संत्रं हवेत एक वीत उडवलं आणि परत झेललं. म्हणाले, शनिवारी मळ्यावरचं काम आटपून आम्ही अंधार पडेपर्यंत हे करायचो, माझ्या आज्याने मला लाकडाचा चेंडू करून दिला होता.

'आजा' म्हणाले ते. त्यांच्याकडे वडिलांचे वडील म्हणजे आजा, त्यांची बायको आजी. कलकत्त्याहून जहाजात चढलेल्या भोजपुरी माणसांचा शब्द. बाकी सगळं ते इंग्रजीत, त्यांच्या क्रिओल हेलात बोलत होते. पण त्या एका शब्दाला मला माझ्या आजीचं अंगण दिसलं.

आजोळ

क्वीन्सकर, संत्र्यापाशी डोळे भरून आले. त्यांना पुढच्या वर्षी का घेतलं नाही, सांगितलं का?

क्वीन्सकर

सांगितलं. घेणार होते. पण साखर कारखान्यात पाळी बदलली, सराव जुळेना. मग ऐंशीच्या दशकात बायकोचा भाऊ इकडे होता त्याने कागद पाठवले. त्या दिवसांत देशात गव्हाच्या पिठावर बंदी होती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. रोटी करायला पीठ नाही, लपूनछपून आणायचं, पकडलं तर शिक्षा. "मुलं भात खाऊन शाळेत जायची आणि मी लेगब्रेकचा विचार कसा करू?" असं काहीसं म्हणाले.

इथल्या मैदानावर असे बरेच आहेत. निझाम हाफिझचं नाव इथे सगळे अजून घेतात. गयानाकडून मोजके सामने खेळून न्यूयॉर्कला आलेला फलंदाज, पुढे अमेरिकेच्या संघातून खेळला. मार्श अँड मॅक्लेननमध्ये नोकरीला होता. त्यांची कचेरी जागतिक व्यापार केंद्राच्या उत्तर मनोऱ्यात ९३ ते १०० या मजल्यांवर होती. ११ सप्टेंबर २००१ ला तो तिथेच होता. वय ३२.

डॉक्टरीण

🙏

पाटीपेन्सिल

दोन दिवस धाग्यावर आलो नाही. क्वीन्सकरांचा प्रतिसाद वाचून काय लिहावं सुचत नव्हतं.

जोन्स कपचं मला अर्धवट ठाऊक होतं, त्याचा अर्थ आत्ता लागला. गयानाच्या यादीत १९७० आणि ८० च्या दशकांत एकेका सामन्याची एवढी नावं का, हे मला कोडं होतं. मी ते निवडीतल्या गोंधळाचं लक्षण समजत होतो. ते तसं नाही. तो एक अंतिम सामना ही दाराची फट होती आणि वर्षाला बावीस जण तिच्यातून आत डोकावून जात होते. त्यातले मोजके गयानाच्या संघात गेले. उरलेल्यांना कागदावर तोच सामना, तोही पावसात बुडला नाही तर. बोर्डावर १९९० ची इंग्लंडविरुद्धची अख्खी कसोटी एकही चेंडू न पडता वाहून गेली होती, तिथे काउंटी सामन्याचं काय घेऊन बसलात.

बर्बीसचं आणखी एक. मार्च १९८३ मध्ये अल्बियनला आपण वेस्ट इंडीजला एकदिवसीय सामन्यात पहिल्यांदा हरवलं. गावसकर ९०, कपिल ७२. आपल्याला तो विश्वचषकाआधीचा शुभशकुन म्हणून आठवतो. अल्बियन म्हणजे साखरमळ्याचंच मैदान. ज्या पोरांना प्रथम श्रेणीची वर्षाला एक संधी होती ती तिथेच खेळून मोठी झाली. त्या दिवशी कुंपणापाशी त्यांतले किती उभे असतील!

क्वीन्सकर, एक विनंती. माझ्यातला स्कोअरर गप्प बसत नाही. आजोबा पुन्हा भेटले तर विचाराल का, त्या सामन्यात त्यांच्या बाजूने कोण कोण होतं? नावं इथे टाकू नका, त्यांतले कित्येक साधे संसारी लोक असतील. मला फक्त जाणून घ्यायचंय की आठवतात का.

क्वीन्सकर

काल विचारलं.

ते लगेच बोलले नाहीत. खुर्चीच्या हातावर बोटांनी मोजायला लागले. सलामीचे दोघे पटकन आले, तिसरा आला, कप्तान आला. पाचव्याबद्दल पाच मिनिटं सांगितलं, तो पोस्टात होता, पायचीत दिला तेव्हा पंचाकडे बघतसुद्धा राहिला नाही, चालू लागला. यष्टिरक्षक न्यू अॅम्स्टरडॅमचा. स्वतःचं नाव दहाव्या क्रमांकावर घेतलं. बारावा खेळाडू सांगितला. पाणी घेऊन येणारा मुलगा सांगितला. आणि पाटीपेन्सिल, स्कोअररही सांगितला : शाळामास्तर होता, मांडीवर लाकडी फळी ठेवून लिहायचा.

नवव्या क्रमांकावर अडले. चेहरा दिसतोय म्हणाले, डावखुरा, मधल्या फळीत बदली म्हणून आला होता. नाव येईना. मी म्हटलं जाऊ द्या. त्यांना ते चालेना. खिशातून फोन काढून टोरांटोला लावला, त्या संघातला एक जण तिथे असतो. घंटी वाजत राहिली. रविवार दुपार, देवळात गेला असेल म्हणाले.

मॅच संपेपर्यंत त्यांनी आणखी दोनदा फोन लावला. पुढच्या रविवारी कळवतो.